काळ्या मेंदीचा शाप

एका राज्यात एक रीत होती. नव्या सुनेच्या हातावरची मेंदी सासूनं भर दरबारात पाहायची. रंग गडद, तर सून लाडकी. रंग फिका, तर वरात माघारी. ही रीत कोणी पाडली, देव जाणे! पण पाळत सगळेच.

त्या राज्याची राजकन्या कनकलेखा. तिच्या हातावर मेंदी कधी धड रंगायचीच नाही. लग्न तोंडावर आलं, तशी तिची झोप उडाली. तेव्हा अंजनकेतू नावाचा मांत्रिक महाली आला. हातात काचेची कुपी. म्हणाला, "राजकन्ये, माझी मेंदी क्षणात रंगते, आणि काजळासारखी काळी होते." कुपीत काय आहे, हे कोणी विचारलं नाही. अहो, वांगी घेताना चार वेळा उलटीपालटी करून बघतो आपण, आणि अंगाला लावायच्या वस्तूला एक प्रश्न नाही!

रंग चढला तो असा काळाभोर, की राजकन्येच्या आत्याबाईंनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी मात्र हात चुरचुरू लागले. मग आग आग झाली. जिथं वेल काढली होती, तिथं तिथं फोड उठले. पानावर फोड, कळीवर फोड.

"पाणी द्या," राजकन्या कळवळून म्हणाली.

"लग्नाआधी मेंदीच्या हाताला पाणी? अपशकुन गं बाई!" आत्याबाई म्हणाल्या. "सोस जरा."

ती बिचारी सोसत राहिली. हातांवर शेला ओढून बसली.

तिचा धाकटा भाऊ अरिंजय. त्याला बहिणीचे हाल बघवेनात. घोडा काढला, नद्या ओलांडल्या, डोंगर ओलांडले, आणि सोन्याच्या चोचीच्या धनेश पक्ष्यापुढे जाऊन उभा राहिला. धनेश माणसासारखा बोले. त्या डोंगरावर सगळेच पक्षी बोलत.

"पक्षिराज, माझ्या ताईचे हात जळताहेत. उपाय सांगा."

"उपायाची कामं तीन. आधी सांग, तिचे हात धुतलेस?"

"नाही, तसाच निघालो."

"एवढे डोंगर दिसले, आणि घरचा तांब्या दिसला नाही!" धनेश कडाडला. "जा. गार पाण्यानं हात धू, वैद्यबुवांना बोलाव. हे पहिलं. त्या कुपीत काय आहे ते शोध. हे दुसरं. तिसरं काम तुझं नाही, तिचं आहे. झाकलेला हात भर दरबारात उघडा झाला, तर शाप तुटेल. झाकलेलाच राहिला, तर मांत्रिक पुढच्या घरी जाईल."

अरिंजय परत आला. आत्याबाई आडव्या आल्या, पण त्यानं ऐकलं नाही. स्वतः तांब्या घेऊन ताईचे हात धुतले. वैद्यबुवांनी लेप दिला, "फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही," म्हणून बजावलं.

मग तो अंजनकेतूच्या गुहेत शिरला. तिथं एक कढई होती. पांढऱ्या केसांचे राक्षस त्या कढईत डोकी बुचकळत आणि काळेभोर होऊन निघत. राक्षसांचा कलप होता तो! अंजनकेतू तोच पळीपळीनं मेंदीत कालवत होता.

"कुपीत काय असतं म्हणून विचारलं तर काय सांगतोस?" अरिंजयनं त्याला विचारलं.

"गुपित आहे म्हणतो."

"गुपित ते अंगाला लावू नये. खरी मेंदी काळी होत नाही, ठाऊक होतं तुला?"

"होतं. पण सगळ्यांना काळीच हवी होती." मांत्रिक हसला. "आणि भाजलेला हात कोणी कधी दाखवला नाही."

लग्नाचा दिवस आला. दरबार भरला. वराची आई, राणी शीलप्रभा, म्हणाली, "हात पुढं कर, मुली."

कनकलेखेला वाटलं, आता वरात माघारी जाणार! लाजेनं मान वर होईना. पण तिनं शेला काढला आणि दोन्ही हात पुढं केले.

"राणीसाहेब, ही मेंदी नाही. हे फोड आहेत. काळ्या रंगाच्या हट्टापायी मी हात भाजून घेतले."

शीलप्रभा राणी उठली. तिनं आपल्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर जुन्या व्रणाची फिकट वेल होती.

"माझ्या लग्नातली," ती म्हणाली. "आजवर कोणाला दाखवली नाही. माझ्या लेकाच्या वडलांनाही नाही."

मागं कुठं तरी एक पदर सरकला. मग दुसरा. मग बायकाच बायका उभ्या राहिल्या, हात पुढं करून. त्याच क्षणी गुहेतली कढई तडकली, कुप्या फुटल्या, आणि अंजनकेतूची काजळी होऊन वाऱ्यावर उडाली.

राजानं दवंडी पिटवली: मेंदीचा पाला डोळ्यांदेखत वाटावा. आधी ठिपकाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज सुटली, तर नाद सोडावा. रंग येईल तो आपला मानावा. काळी मेंदी म्हणून कोणी आणली, तर त्याला वेशीबाहेर काढावं. वैद्यबुवांनी राजकन्येला बजावलं, "आता जन्मात कलप लावू नका. अंगाला त्याचं वैर जडलं." फोड हळूहळू सुकले, खूण मात्र राहिली.

लग्न लागलं ते पट्ट्या बांधलेल्या हातांनी. मंडपात शिरताना शीलप्रभा राणीनं त्या पट्ट्यांवर अलगद हात ठेवून विचारलं, "दुखतंय का गं?" इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. कनकलेखा हुंदका देऊन रडली, आणि मग हसली.

ती जशी सुखी झाली, तशा तुमच्या लेकीबाळी सुखी होवोत, आणि त्यांचे हात धड राहोत.