शेवटी येणाऱ्याची घंटा

“मग तुमच्याही भिंतीवर हे ठिपके का, गुरुजी?”

हे विचारायला ऋजुता पंधरा दिवस थांबली होती.

परदेशात शिकताना तिने परीक्षांविरुद्ध हिरिरीने प्रबंध लिहिला होता. बाबल गुरुजींच्या डोंगरातल्या शाळेत मुलं झाडाखाली बसून आपापल्या गतीने शिकत असतील, अशा कल्पनेने ती इथे शिकवायला आली. पाहते तर भिंतीवर बावीस नावं, आणि प्रत्येकापुढे चाचणीतल्या गुणांप्रमाणे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका.

“ठिपके वरून येतात, बाई,” गुरुजी म्हणाले. “भिंत तेवढी आपली.”

दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यायला तालुक्याहून साहेब येणार होते. सरासरी घसरली तर शाळा बंद करून मुलांना खालच्या मोठ्या गावात धाडणार, असं पत्रच आलं होतं. पावसाळ्यात दोन ओढे ओलांडून तिथवर कोण जाणार?

“तुम्ही काळजी करू नका,” ऋजुता म्हणाली. “सरासरी नाही घसरायची.”

“ती कशी?”

“सगुणाला सांगितलंय मी, उद्या येऊ नकोस म्हणून.”

गुरुजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“एक ओळ वाचायला पाच मिनिटं घेते ती. तिच्या एकटीपायी सगळी शाळा जायची. आणि तिला तरी उगाच कशाला रडवायचं?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मग शेळ्या घेऊन जाऊ?”

गुरुजी उठले. ओसरीत रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच शाळेची घंटा. जो सगळ्यांत शेवटी पोचेल त्याने ती वाजवायची, तोवर बाकीच्यांनी थांबायचं, असा इथला रिवाज. धनगरवाड्यावरून चालत येणारी सगुणा रोज शेवटची. म्हणून घंटाही रोज तिचीच.

गुरुजींनी खुंटीवरचा हातोडा काढला आणि ऋजुताच्या मांडीवर ठेवला.

“सगुणा नसली, तर शेवटी कोण येतं?”

“...इंदर.”

“आणि तोही घरी राहिला, तर?”

“तसं नाही गुरुजी, मी...”

“शाळेसाठीच केलंत. कळतं मला.” त्यांनी वहाणा पायांत सरकवल्या. “हातोडा असू दे तुमच्याकडे. उद्या कुणाच्या हाती द्यायचा, ते तुम्हीच बघा.”

सकाळी साहेब सीलबंद पाकीट घेऊन वेळेआधीच हजर झाले. मुलं अंगणात उभी होती. इंदर धापा टाकत आला, तसा ऋजुताने हातोडा त्याच्यापुढे धरला.

त्याने हात पाठीमागे नेले.

“माझा नंबर नाय, बाई. सगुणा यायचीय अजून.”

“अहो मॅडम, घंटा द्या की!” साहेबांनी घड्याळ पाहिलं.

ऋजुता हातोड्याकडे बघत राहिली... मग तिने ओढणी कमरेला बांधली, आणि हातोडा घेऊनच ती धनगरवाड्याच्या चढाला लागली.

“ह्या कुठे निघाल्या? गुरुजी, सरासरीचं तरी बघा जरा!”

गुरुजींनी खुर्ची सावलीत ओढली.

“बसा, साहेब. घंटा वाजवणारी डोंगरावर आहे.”