नखाएवढी फट

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, तुम्हीही जरा हातातलं काम ठेवून ऐका. फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक सुतार राहत होता. घरात तो, त्याची बायको, त्याचा म्हातारा बाप आणि एक लाडकी लेक.

लेक बऱ्याच नवसांनी झालेली. त्यामुळे आई तिला खाली म्हणून ठेवत नसे. दळताना मांडीवर, पाणी भरताना कडेवर, झोपताना कुशीत. गावातल्या तिच्या वयाच्या पोरी अंगणभर धावायला लागल्या, कोंबड्यांच्या मागे लागून पडायला लागल्या, पण ही काही पाऊल टाकेना.

पाणवठ्यावर बायका हसायच्या. "काय गं, लेकीला कडेवरूनच सासरी धाडणार वाटतं?"

सुतारीण वरवर हसायची. घरी आली की पोरीचे मऊ तळवे हातात घेऊन बसायची. आपली लेक चालेल ना? पायांत काही उणं तर नाही ना? विचार करून करून तिच्या तोंडची चव जायची.

पण पोरीला ठेवणार तरी कुठे? घर अरुंद. जमिनीवर फळ्या, भुसा, लाकडाच्या ढलप्या. इथे पटाशी पडलेली, तिथे करवत टेकवलेली.

एक दिवस सुतार म्हणाला, "मी एक मेज करतो. मधे अरुंद फळी, दोन बाजूंना दोन पंख. काम असलं की पंख वर, त्यावर सगळी हत्यारं. काम संपलं की हत्यारं फळीवर आणि पंख खाली. मेज भिंतीला लावलं की सगळी जमीन मोकळी. मग बघ आपली पोर कशी चालते ते."

सुतारणीचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून ती रोज विचारायची, "अहो, झालं का?"

सुताराने चांगलं मुरलेलं सागवान काढलं. फळी रंध्याने तासली, पाय जोडले, पंखांना बिजागऱ्या बसवल्या. पंख वर उचलून धरायला खालून फिरता आधार दिला. मधल्या फळीची कड त्याने गोल केली आणि पंखाची कड तिच्यावर बसेल अशी खोलगट कोरली. दोन्हींच्या मधे एवढीशी फट ठेवली.

सुतारणीची नजर नेमकी त्या फटीवर गेली. "अहो, ही काय फट? पोरीचं बोट अडकलं म्हणजे?"

"अगं, फट लागतेच. पावसाळ्यात लाकूड फुगतं."

"फुगू दे की! लाकूड महत्त्वाचं का पोरीचं बोट?"

कोपऱ्यात म्हातारा सासरा दोरी वळत बसला होता. तो म्हणाला, "सूनबाई, लाकडालाही श्वास घ्यायला जागा लागते गं."

"मामंजी, तुम्ही पुरुषमाणसं. तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

डोळ्यांतलं पाणी बघून सुतार विरघळला. त्याने मधल्या फळीच्या दोन्ही कडांना बारीक पट्ट्या ठोकल्या आणि फट पार बुजवून टाकली. म्हाताऱ्याने दोरीला एक जास्तीचा पीळ दिला.

उन्हाळाभर पंख कुरकुरत का होईना, वरखाली झाले. पोरगी भिंतीशी बसून बघायची. मेजाची कड धरायला हात पुढे करायची, की आई म्हणायची, "नको गं बाई, लागेल," आणि उचलून कडेवर घ्यायची.

मग पावसाळा लागला. हवा ओलसर झाली, तसं सागवान फुगलं. एका संध्याकाळी सुतार पंख खाली करायला गेला, तर पंख जागचा हलेना. दुसरा पंखही तसाच. मेज घराच्या मधोमध पंख पसरून उभं राहिलं. होती तेवढी जमीनही गेली. पोरगी पुन्हा कायमची कडेवर.

"थांबू या, ऊन पडलं की सुटेल," सुतार म्हणाला. पण ऊन काही पडेना. पोरीचं वजन वाढत होतं आणि सुतारणीची कंबर मोडत होती. शेजारीण डोकावून म्हणाली, "अगं बाई, हे मेज आहे का घरात बांधलेली म्हैस? ना इकडून जाता येतं, ना तिकडून!"

एका दुपारी सुताराचा संयम सुटला. फिरता आधार बाजूला सारून त्याने एका पंखावर हातांनी जोर दिला. तरी हलेना, तेव्हा सगळा भार टाकला. पलीकडे भिंतीपाशी सुतारीण पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

काडकन आवाज झाला. पंख उभा चिरला. त्याचा मोठा तुकडा उडाला आणि पोरीच्या पायाजवळ, अगदी हातभर अंतरावर येऊन आदळला.

सुतारणीने पोरीचे दोन्ही पाय पोटाशी ओढले. पोरगी मात्र त्या तुकड्याकडे टकमक बघत होती.

मग सुतारीणही तुकड्याकडे पाहत राहिली. त्याच्या कडेला ती फट बुजवणारी पट्टी, मधल्या फळीवरून उखडून, अजून चिकटून होती. बोट चिरडू नये म्हणून जी पट्टी तिने मारायला लावली, तीच आज लेकीच्या पायावर येता येता राहिली होती.

ती म्हणाली, "मामंजी, फट किती ठेवायची?"

म्हातारा कोपऱ्यातून उठला. त्याने आपला अंगठा पुढे केला. "नख मावेल इतकी. बोट मावणार नाही. म्हणजे पोरही सुखरूप आणि लाकूडही मोकळं."

"आणि मी म्हणत होते, तुम्हाला नाही कळायचं."

"अगं, ह्याच्या लहानपणी ह्याची आईही मला तेच म्हणायची," म्हातारा म्हणाला, आणि सुतार गालातल्या गालात हसला.

सुताराने पट्ट्या काढल्या. दुसऱ्या पंखाची कड थोडी तासली, चिरलेल्याच्या जागी नवा पंख केला. या वेळी खरवताच्या झाडाची खरखरीत पानं घेऊन सुतारीण स्वतः कडा घासायला बसली. कुठे कुसळ टोचायला नको म्हणून डोळे मिटून बोट फिरवून बघायची. मग फटीत नख घालून बघायची. नख जायचं, बोट जायचं नाही. तिला हायसं वाटायचं.

बाहेर पाऊस पडतच होता. तरी संध्याकाळी पंख अलगद खाली आले, पाखराने मिटावेत तसे. मेज भिंतीला लागलं आणि घरात केवढी तरी जमीन दिसू लागली.

सुतारणीने पोरीला खाली ठेवलं. पोरीने मेजाची गुळगुळीत कड धरली आणि उभी राहिली. पाय लटपटले. आईचे दोन्ही हात झेपावले.

आणि तिथेच थांबले. पोरीच्या अंगाला लागतील न लागतील, इतके जवळ. नखाएवढी फट ठेवून.

पोरीने कड सोडली. एक पाऊल टाकलं आणि धपकन बसली. आईच्या काळजात चर्र झालं, पण हात तिथेच राहिले. पोरगी रडली नाही. पुन्हा कडेला धरून उठली, पुन्हा हात सोडले आणि डुलत डुलत, आईचे हात दोन्ही बाजूंना घेऊन, थेट आजोबांच्या मांडीवर जाऊन कोसळली.

"आली गं बाई चालत!" म्हाताऱ्याने तिला छातीशी धरलं. सुतारीण तिथेच जमिनीवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

पुढे ती पोर इतकी धावायला लागली, की तिला जेवायला बोलावता बोलावता आईचा घसा बसायचा. आणि ते मेज? त्याने कितीतरी पावसाळे पाहिले. त्याचे पंख कधी अडले नाहीत. त्याच्याच कडेला धरून पुढे त्या पोरीची पोरंही चालायला शिकली.

म्हणून सांगते, ज्याला जपायचं त्याच्या जवळ हात जरूर असू द्या, पण हालायला नखाएवढी फट ठेवा.