ऊबपेटीची तार

त्या मुलखात ऊब तारेवरून यायची. डोंगरांपलीकडे कुठेतरी ती तयार होत असे. कुठे, ते कोणी पाहिलं नव्हतं आणि पाहायला गेलंही नव्हतं. खांबाखांबावरून ती घरोघर उतरे, मग दिवे लागत, पंखे फिरत आणि मागच्या खोलीतल्या ऊबपेटीत अंडी शेकत पडत. त्यामुळे तिथल्या कोंबड्यांना अंड्यांवर बसायची गरज उरली नव्हती. गरज उरली नाही की गोष्ट आधी जुनाट ठरते, मग लाजिरवाणी. एखादी तरणी कोंबडी अंगातल्या ओढीने अंड्यावर बसून राहिली तर तिला खुडूक म्हणत. तिला गार पाण्यात तीनदा बुडवत, नाकात पीस खुपसत, आणि तिच्या डोक्यातलं खूळ गेलं असं मानत. पोरी चार दिवसांत सुधारत. न सुधारून जातात कुठे?

मग तार अधूनमधून गार पडू लागली. आधी घटकाभर, मग अर्धा दिवस. एका थंडीत कावळ्याने खांबावर बसून सांगितलं, की येत्या पंधरवड्यात तार जाईल ती आठ दिवस येणार नाही, जास्तही लागतील, ज्याने त्याने आपली सोय बघावी. एवढं सांगून तो उडाला. कारण कोणी विचारलं नाही. कावळ्यालाही ते माहीत नसावं.

टेकडीखालचं मोठं घर तुरेरावांचं. तुरेराव म्हणजे भारदस्त कोंबडा. तुरा असा की दारातून आत येताना तो आधी आणि राव मागून. त्यांनी सोय बघायला घेतली आणि ती नीट बघितली, तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. कणगी भरली, रांजण भरले, आणि जिन्याखाली एक काळी, जड बॅटरी आणून बसवली. बॅटरीत तारेवरची ऊब साठून राही. तिला सहा पाखरांनी ढकलत आत नेलं, तिला हळदकुंकू वाहिलं, आणि शेजारपाजारचे ती बघून गेले.

जोडणी करायला ठोकेमामा आले. हे सुतारपक्षी, चाळीस घरांच्या भिंती त्यांनी टोचल्या होत्या. त्यांनी भिंतीवर चोच टेकून विचारलं, की या बॅटरीवर काय काय घ्यायचं. तुरेरावांनी मोजायला सुरुवात केली: बैठकीतले बारा दिवे, दारावरचा मोठा दिवा, छपरावरचा कंदील, पाहुण्यांच्या पायाखालची शेगडी.

हे असं का, ते सांगायला हवं. तार गेली की त्या मुलखातली पाखरं तिन्हीसांजेला टेकडीवर जमत आणि खाली कुणाकुणाचं घर उजळलंय ते बघत. ज्याचं उजळ त्याच्याकडे सोयरीक आधी जाई. ज्याचं काळोखं त्याच्या पोरी घरात राहत. ही रीत इतकी मुरली होती की तार गेल्यावर लोकांना काळोखाची भीती वाटत नसे, टेकडीची वाटे.

ठोकेमामांनी ऐकून घेतलं आणि मागच्या खोलीकडे मान वळवली. तिथल्या ऊबपेटीत तुरेरावांच्या सुनेची, पिवळीची, सात अंडी होती. पहिलीच खेप. चौदा दिवस झाले होते, आणखी सात हवे होते.

"राव, नुसती पेटी लावली तर ही बॅटरी नऊ दिवस ओढेल," ठोकेमामा म्हणाले. "बैठक लावली तर तीन दिवस. दोन्ही लावलं तर सव्वादोन दिवसांत दोन्ही विझतील."

तुरेरावांनी मान हलवली. पेटी म्हणे बंद पडली तरी अर्धा दिवस आतून गरम राहते, आणि कावळे काय, नेहमीच आठाचं सांगतात, तार अर्ध्या दिवसात येते. आजवर आली नाही असं झालंय का? पिवळीचा नवरा बापाच्या शेजारीच उभा होता. त्याने जमिनीवरचा एक दाणा टिपला.

काबरी आत्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. तुरेरावांच्या बापाची बहीण. घरात तिला कोणी काही विचारत नसे, आणि तीही विचारायची वाट बघत नसे.

"तुऱ्या, पाहुण्यांचे पाय शेकशील आणि नातवंडं गार करशील," ती म्हणाली. "पेटी लाव."

तुरेराव हसले. आत्याचं वय झालं, असं त्यांनी ठोकेमामांना सांगितलं. मामांनी बारा दिव्यांच्या तारा ओढल्या. पेटीच्या तारेचं टोक त्यांनी भिंतीतच मोकळं सोडलं, वर चिकट डिंक लावला आणि ते निघाले. आत्याने एक जुनी पाटी शोधून काढली, तिच्यात राख पसरली, वर भाताचं काड घातलं. बाकीच्यांना वाटलं, म्हातारी स्वतःच्या झोपायची सोय करतेय. सुना हसल्या.

तार गेली ती दुसऱ्याच दिवशी सकाळी. पहिला दिवस सणासारखा गेला. तिन्हीसांजेला मुलखात तीनच घरं उजळली आणि त्यांत तुरेरावांचं सगळ्यात लखलखीत. टेकडीवरून लोक उतरून थेट बैठकीत आले, शेगडीवर पाय धरून बसले, बॅटरीचं कौतुक झालं. पिवळी सगळ्यांना कणी वाढत होती. वाढता वाढता ती तीनदा मागच्या खोलीत गेली आणि तीनदा परत आली. पेटी अजून कोमट होती.

तार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता पेटी गार होती.

पिवळी सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. तिने हळूच विचारलं, मामंजी, आता तरी तार बदलता येईल का. तुरेरावांनी तिला चुचकारलं. वरच्या आळीचे राव दुपारी येणार आहेत, धाकट्या लेकीच्या सोयरिकीचं बोलायला. ते गेले की बघू. ते उशिरा आले आणि उशिरा गेले. तोवर ठोकेमामा दुसऱ्या आळीला निघून गेले होते, आणि तारा जोडणं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. इतक्या मोठ्या घरात एकालाही नाही.

आत्याने पिवळीला हाक मारली, पाटी पुढे सरकवली आणि सांगितलं, की अंडी यात घे आणि बस.

पिवळी मागे सरली. लहानपणी ती एकदा एका गोट्यावर बसली होती. पाण्याचा गारठा तिला अजून आठवत होता, त्याहून जास्त अंगणातलं हसू. मला नाही येत, तुम्ही बसा, असं ती म्हणाली.

"माझ्या अंगात माझ्यापुरती ऊब नाही, बाई. मी बसले तर आठवं अंडं मीच," आत्या म्हणाली. "आणि येत कोणालाच नसतं. पोटावरची पिसं उपट आधी. पिसातून ऊब जात नाही, कातडीला अंडं लागावं लागतं."

पोटावरची ती सोनेरी पिसं बघूनच पिवळीला या घरात पसंत केलं होतं. तिने पहिलं पीस उपटलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दहाव्या पिसानंतर ती मोजायची थांबली. मग ती बसली. आत्याने एकेक अंडं कानाशी धरून पाहिलं. दोन आतून गप्प होती, ती बाजूला काढली आणि राखेत पुरली. पाच तिने पिवळीच्या पोटाखाली सारली. ती कशी ठेवायची, मधलं कडेला नि कडेचं मधे कधी फिरवायचं, दाण्यापाण्याला किती वेळ उठायचं, हे म्हातारी सांगत गेली. कुठून तिला आठवत होतं, कोण जाणे. ते तिला कोणी करू दिलं नव्हतं.

घरात बभ्रा झालाच. थोरली सून खुडूक. तुरेराव दारापर्यंत आले, पण बैठकीत पाहुणे होते, म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर सांगितलं, की सुनेला जरा कसर आहे. नवरा एकदा दाणे ठेवून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी बॅटरी संपली. आधी छपरावरचा कंदील मिणमिणला, मग बारा दिवे एकेक करून, मग शेगडी. पाहुण्यांना आपापल्या घरची कामं आठवली. दुपारपर्यंत बैठकीत फक्त तुरेराव उरले. ते उठून बॅटरीला पंख लावून बघत, पुन्हा जागेवर जाऊन बसत. मुलखात आता एकही घर उजळ नव्हतं, त्यामुळे टेकडीवरही कोणी जात नव्हतं. पाचव्या दिवशी धुकं उतरलं ते हललं नाही. रांजणांतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. सातव्या दिवशी थंडीने तुरेरावांच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं.

आठव्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. तार आलेली नव्हती. आत्या काडात तोंड खुपसून झोपली होती. पिवळी बसली होती, निम्मी राहिली होती, आणि तिच्या पोटाखाली एका अंड्याला आतून बारीक तडा गेल्याचा आवाज तिने नुकताच ऐकला होता.

तुरेराव आत आले. ते थरथरत होते. ते पाटीपाशी वाकले, मान खाली घातली आणि सुनेच्या पंखाखाली डोकं सारलं. बर्फासारखं डोकं. पिवळीचं अंग आक्रसलं, पण ती सरकली नाही. जागा पाच अंड्यांपुरतीच होती. तुरेरावांनी आणखी थोडं आत रेटलं, मानेपर्यंत. तसं पलीकडच्या बाजूने एक अंडं सुटलं आणि पाटीच्या काठाशी, उघड्या दाराच्या वाऱ्यात येऊन थांबलं. तडा गेलेलं तेच. तड्यातून इवली चोच दिसत होती, आणि ती हलायची थांबली होती.

पिवळीने आधी अंड्याकडे पाहिलं, मग पंखाकडे. मग तिने पंख उचलून सासऱ्यांचं डोकं बाहेर सारलं, चोचीने अंडं पोटाशी ओढून घेतलं आणि पंख घट्ट मिटला.

तुरा बाहेर राहिला.