ओठाआडचा गूळ

ज्या काळी माळरानांना कुंपणं नव्हती, त्या काळी एका माळावर एक मेंढपाळ राहत होता. त्याची शीळ साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. जिभेचं टोक वरच्या दातांना लावून तो अशी काही शीळ घालायचा, की ओढ्यापलीकडे पांगलेली मेंढरं माना वर करून त्याच्याकडे धाव घ्यायची.

दिवस मावळला की टेकडीवरून तो एक वेगळी, लांबलचक शीळ घालायचा. ती मेंढरांसाठी नसे. खाली झोपडीत त्याची बायको ती ऐकायची आणि पितळेच्या ताटलीवर उलथन्यानं दोनदा वाजवायची. टण्, टण्. म्हणजे, ऐकलं, तवा ठेवते. तो दाराशी पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. दोघांत फारसं बोलणं नव्हतं. जे होतं ते त्या शिळेत आणि त्या दोन टोल्यांत होतं.

मेंढपाळाला नाद एकच, गुळाचा. सुगी झाली की शेतकरी त्याची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. लेंडीखतानं जमीन कसदार व्हायची, आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य मिळायचं, वर गुळाची ढेप. मेंढरांमागे चालताना तो गुळाचा खडा वरच्या ओठाआड, अगदी दातांना चिकटवून ठेवायचा. एक विरघळला की दुसरा. निजतानाही एक असायचाच.

"अवं, चूळ तरी भरा," बायको म्हणायची. "मुंगळे लागतील तोंडाला."

"लागू देत. ह्या गुळामुळंच तुझ्याशी गोड बोलतोय."

"मग गूळ संपल्यावर काय कराल?"

एका थंडीत ओढ्याचं गार पाणी पिताना पुढच्या दातात सणकन कळ गेली. बायकोनं उजेडात तोंड उघडायला लावलं. दातावर काळा ठिपका होता. तिनं टुमणंच लावलं, तेव्हा कुठे बाजाराच्या दिवशी तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"कीड लागलीय, मामा," बाई म्हणाल्या. "पण अजून वरवरच आहे. आज साफ करून भरून देते, दात टिकेल. आणि गूळ जेवणाबरोबर खा, असा दिवसभर धरून ठेवू नका."

"लवंग ठेवली तर न्हाई चालायचं?"

"लवंग दुखणं झोपवेल, मामा. कीड जागीच राहील."

मेंढपाळानं मान डोलावली. पण बाहेर मेंढरं खोळंबली होती, आणि त्या रात्री मेंढरं बसवायला बोलावणाऱ्या शेतकऱ्याकडचा गूळ नामी असतो असं त्यानं ऐकलं होतं. "पुढच्या बाजाराला येतो," म्हणून तो उठला. जाता जाता वाण्याकडून लवंगा तेवढ्या घेतल्या.

पुढचा बाजार आला आणि गेला. लवंग होती, गूळही होता. कळ येत-जात राहिली आणि एक दिवस थांबलीच.

"बघ, मेली कीड!" तो हसला.

"कीड मेली का दात मेला, ते बघा आधी," बायको म्हणाली.

तिचंच खरं होतं. दाताच्या आतली शीर मेली होती. दुखत होता तोवर दात निदान हाका तरी मारत होता. आता तो मुका झाला, आणि कीड गुपचूप मुळाकडे उतरली. शेजारचे दातही तिच्या तावडीत सापडले. हिरडी सुजली, पू धरला, दात हलू लागले. मेंढपाळ पुन्हा बाईंकडे गेला, तेव्हा त्यांनी एकेक दात हलवून पाहिला.

"मामा, आता भरायला दातच कुठे उरलाय?"

वरचे पुढचे दात काढावे लागले.

मेंढरं हळूहळू शिळेऐवजी आरोळीला सरावली. पण पहिल्या संध्याकाळी टेकडीवर उभं राहून त्यानं ओठ मुडपले, तेव्हा नुसता वारा निघाला. खाली ताटली वाजली नाही. घरी पोचला तर बायको अजून पीठच मळत होती.

"कधी आलात? कळलंच न्हाई."

टेकडीवरची आरोळी झोपडीपर्यंत पोचत नसे, म्हणून तेव्हापासून ती अंदाजानं तवा ठेवू लागली. भाकरी कधी करपायची, कधी गार व्हायची. करपलेली ती आपल्याच ताटात ओढायची.

वर्षं गेली. बायकोनं अंथरूण धरलं. एका तिन्हीसांजेला ती म्हणाली, "अवं, एकदा ती शीळ घाला ना. लई दिसांत ऐकली न्हाई."

तो उठून दाराशी गेला. टेकडीकडे तोंड करून त्यानं होता नव्हता तो जीव ओठांत आणला. फुस्स. पुन्हा एकदा. पुन्हा तेच. तो तसाच पाठमोरा उभा राहिला. मागे वळायचा धीर होईना.

तेवढ्यात मागून आवाज आला. टण्, टण्.

उशाशी ठेवलेल्या ताटलीवर तिनं औषधाचा चमचा वाजवला होता.

"ऐकलं," ती म्हणाली.

ज्वारी काढणीला यायच्या आत ती गेली.

पुढे माळावरची पोरं गूळ मागायला म्हाताऱ्याकडे यायची. तो खडे फोडून द्यायचा, पण हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात उभा राहायचा. "खा रं पोटभर. पन चूळ भरल्याबिगर हितनं हलायचं न्हाई." चुळा भरून झाल्या की म्हणायचा, "आता घाला बघू शीळ."

पोरं टेकडीकडे तोंड करून शीळ घालायची. आणि म्हाताऱ्याची मान, दर वेळी, झोपडीकडे वळायची.

तात्पर्य: दुखणं थांबलं म्हणजे कीड गेली असं नव्हे. दात हाक मारतो आहे तोवरच त्याचं ऐकावं. गेलेल्या दाताबरोबर आणखी काय काय जातं, ते आधी कुणालाच कळत नाही.