फक्त वाचायची परवानगी

निंबगाव वाचनालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब गुळवणी यांचा कुणावरच भरवसा नव्हता. त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या झाडून सगळ्या फाइलींना मालक म्हणून स्वतःचं नाव लावून घेतलं आणि बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवली.

वर्धापनदिनाची कार्यक्रमपत्रिकाही त्यांनीच केली. गेल्या वर्षीच्या श्रद्धांजली सभेची फाइल उघडून नुसती नावं बदलली. ग्रंथपाल मेंढेकरबाईंना त्यातली चूक दिसली. दुरुस्त करायला गेल्या, तर कॉम्प्युटर म्हणाला, ‘परवानगी नाही.’ तात्यासाहेबांना सांगायला गेल्या, तर ते खेकसले, “फाइल माझी आहे. निमूट छापायला पाठवा!”

समारंभात प्रमुख पाहुण्यांनी पत्रिका उघडली आणि ते पांढरेफटक पडले. त्यांच्या नावाआधी ‘कैलासवासी’ छापलं होतं! शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीच्या हातातला गुच्छ गळून पडला.

“हा प्रताप कोणाचा?” तात्यासाहेब कडाडले. “मेंढेकरबाई, उद्यापासून कामावर येऊ नका!”

बाईंनी शांतपणे ती फाइल व्यासपीठावरच्या मोठ्या पडद्यावर आणली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: ‘मालक: तात्यासाहेब गुळवणी; इतरांना: फक्त वाचन.’

“तात्यासाहेब, आम्हाला तुम्ही फक्त वाचायची परवानगी दिलीत,” बाई म्हणाल्या. “या वाचनालयात चूक करायचा अधिकार एकट्या मालकाला आहे.”

मग पहिली टाळी वाजली, ती कैलासवासी पाहुण्यांची.