टॉवेलखालचा ट्रिमर

लोक मोबाइलवर फोटो दाखवून दाढी कोरून घेऊ लागले, त्या काळची गोष्ट. वामनच्या सलूनमधला ट्रिमर दिवसभर चार्जरला चिकटलेला असायचा. वर केस पडू नयेत म्हणून वामन त्याच्यावर टॉवेल टाकायचा.

कात्री म्हणायची, "पोट भरलं ना? मग ऊठ की ताटावरून. टॉवेलखाली अंग बघ किती तापलंय!"

"उपाशी म्हातारे, जळतेस माझ्यावर! बघ, पोट कसं सुटलंय. याला म्हणतात खातंपितं घर!"

एके दिवशी खुर्चीत नवरदेव बसला. अर्धी मिशी उडवून ट्रिमर गचकला. फुगलेल्या बॅटरीनं त्याचं झाकणच उचकटलं होतं. वामननं घाबरून त्याला बाहेर फरशीवर ठेवलं आणि कात्री उचलली.

बाहेरून ट्रिमर ओरडला, "काही नाही रे, जरा चार्जिंग कमी पडलं!"