तिसऱ्या घावानंतर

त्या राज्यात हरलेला माणूस जमिनीवर पडत नसे. तिसरा घाव बसला की त्याचा धूर होई, आणि आभाळातली खिडकी मिटली की तो पुन्हा होता तिथे, होता तसा उभा असे. खिडकीतून वरचे लोक खाली बघत. लढाया त्यांच्यासाठीच होत्या आणि लढणाऱ्यांचे हातही त्यांच्याच हुकमाने हलत.

नदीवरच्या पुलावर गोंदाबा नावाचा म्हातारा पहारेकरी होता. जैत नावाचा तरुण शिपाई रोज येऊन त्याला मारी, मग पुलापलीकडचा दरवाजा उघडे. खिडकी मिटली की दोघे कठड्यावर बसून फुटाणे खात.

"जोरात बसला का हो आज?" जैत विचारायचा.

"कसला बसतोय! धूर होतो न् मोकळा होतो," म्हातारा म्हणायचा. दोघांत वैर असे नव्हतेच, ते काम होते.

पुढे वरच्या लोकांना हे सगळे खोटे वाटू लागले. माणूस असा मरतो का कुठे? मग खरेपणा आणायला कारागीर आले. कामात मात्र चोख माणसे. त्यांनी रक्ताच्या चार छटा करून पाहिल्या. गोंदाबाचा हात किती थरथरावा, हे फूटपट्टी लावून ठरवले. धूर बंद झाला. आता तिसऱ्या घावाला त्याने गुडघ्यावर यायचे, तळहात पुढे करायचा आणि म्हणायचे, "नको रे बाबा, घरी लेक वाट बघतीय." त्यानंतर चौथा घाव. तो घातल्याशिवाय दरवाजा उघडणार नव्हता.

गोंदाबाला लेक नव्हती. त्या राज्यात घरेच नव्हती. पण रोज तेच बोलता बोलता म्हाताऱ्याच्या मनात ती लेक वाढू लागली. कठड्यावर बसला की तो मूठभर फुटाणे बाजूला काढी. "तिच्यासाठी. तिला खारे आवडतात," म्हणे. जैतला त्या मुठीकडे बघवत नसे. चौथा घाव त्याच्या हातून पडत होता आणि तो हात त्याचा नव्हता. हे तो कुणाला सांगणार?

एके दिवशी गोंदाबा गुडघ्यावर आला, ठरलेले बोलला, आणि वरून हुकूम आलाच नाही. खिडकीत कुणीतरी थबकले होते. जैतने थोडा वेळ वाट पाहिली. मग उगारलेली तलवार त्याने आपण होऊन खाली केली. खिडकी उघडी असताना, आयुष्यात पहिल्यांदाच. दरवाजा बंदच राहिला आणि खिडकी मिटली.

"आज वाचलो की रे!" गोंदाबा म्हणाला आणि ढसाढसा रडला. त्या दिवशी कठड्यावर बसून दोघांनी लेकीचे नाव ठरवले, मैना.

पण असे थबकणारे वाढत गेले. रस्ता अडतो, मजा जाते, अशी वर ओरड झाली. कारागीर पुन्हा आले. रक्त चांगले जमले होते, त्याला त्यांनी हात लावला नाही. हाताची थरथरही ठेवली. फक्त लेक काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी गोंदाबा गुडघ्यावर आला, तळहात पुढे केला आणि काहीच बोलला नाही. चौथा घाव झटकन पडला. दरवाजा उघडला.

खिडकी मिटल्यावर दोघे नेहमीसारखे कठड्यावर बसले. म्हाताऱ्याने सवयीने मूठभर फुटाणे बाजूला काढले. मग मूठ उघडून तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"जैत्या, हे मी कुणासाठी काढतोय रे?"

 जैतने नाव सांगायला तोंड उघडले, तोच आभाळात खिडकी उघडली आणि त्याचा उजवा हात तलवारीकडे गेला. गोंदाबा फुटाण्यांनी भरलेला तळहात पुढे धरून उत्तराची वाट बघत होता.